प्रदूषणावर कर : पैसा जमतो, धूर हटतो का?

*हवा-पाणी बिघडवणाऱ्याकडून त्याची किंमत वसूल करावी, हे तत्त्व सर्वांनाच पटते. भारताच्या अर्थसंकल्पात हा प्रयोग २०१० पासून झालाही. कोळशावरच्या उपकरातून हजारो कोटी रुपये उभे राहिले. ते गेले कुठे? आणि येत्या काळात अशा करांचे भवितव्य काय?*

अर्थसंकल्प सादर झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली ‘काय स्वस्त, काय महाग’ ही यादी घराघरांत आवडीने वाचली जाते. साबण, फ्रीज, मोटारी, सोने... यादी बदलते, पण तिच्यात एक वस्तू सहसा दिसत नाही. ती म्हणजे धूर. कारखान्याच्या चिमणीतून, ट्रकच्या नळीतून, वीज केंद्राच्या धुरांड्यातून रोज जे काही बाहेर पडते, त्याची किंमत कोणत्याही बिलावर छापलेली नसते. ती किंमत कुणीच देत नाही, असे मात्र नाही. दम्याच्या औषधांवर, पिण्याच्या पाण्याच्या यंत्रावर, बुडालेल्या रोजगारावर आणि नापिकीवर ती कुटुंबे देतच असतात. फक्त ज्याने घाण केली त्याच्याऐवजी ज्याच्या दारात ती आली, तो ती देतो.

हा हिशेब उलटा करावा, असे १९२० मध्ये केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात मांडले. नदीकाठच्या रंगाच्या कारखान्याने पाणी नासवले आणि खालच्या गावातल्या धोब्याचा धंदा बसला, तर धोब्याचे नुकसान हा कारखान्याच्याच उत्पादनखर्चाचा भाग मानला पाहिजे. सरकारने तेवढा कर लावला, की मालक आपोआप विचार करू लागेल. कर भरत राहणे परवडते, की पाणी शुद्ध करून सोडणे? कर टाळण्याचा एकमेव मार्ग घाण कमी करणे हा असेल, तर तो कर यशस्वी.

### पाण्यापासून सुरुवात

आपल्या देशात या विचाराचा पहिला अंश १९७७ मध्ये आला. त्या वर्षी संसदेने जल प्रदूषण प्रतिबंधासाठी उपकराचा कायदा केला. ठरावीक उद्योग आणि नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्था यांनी वापरलेल्या पाण्यावर हा उपकर होता. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसवणाऱ्याला सवलत होती. पण दर हजार लिटरला काही पैसे इतकाच. एवढ्याशा रकमेसाठी कोण लाखोंची यंत्रणा उभारणार? प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या खर्चाला या पैशाने हातभार लागला. नद्यांचे पाणी निवळले नाही. २०१७ मध्ये जीएसटीच्या आगमनाबरोबर हा उपकर रद्द झाला.

फेब्रुवारी १९९२ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषण निवारणाचे धोरण जाहीर केले आणि केवळ बंदी व खटले यांवर विसंबून न राहता आर्थिक उपायही वापरावेत, हे त्यात मान्य केले. प्रत्यक्ष पाऊल पडायला आणखी १८ वर्षे जावी लागली.

### कोळशावरचा ‘हिरवा’ रुपया

२०१०च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी दगडी कोळसा, लिग्नाइट आणि पीट यांवर टनाला ५० रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लावला. देशात खोदलेला कोळसा असो की आयात केलेला, दोन्हींवर तो लागू झाला. या पैशातून ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’ उभारायचा आणि सौर, पवन यांसारख्या ऊर्जेच्या संशोधनाला व प्रकल्पांना मदत करायची, अशी योजना होती. काळ्या कोळशाच्या पैशातून स्वच्छ वीज, ही कल्पना कुणालाही आवडावी अशीच.

पुढच्या सरकारनेही ती उचलून धरली. अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये उपकर १०० रुपये केला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. त्याच वर्षी त्याचे नाव ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झाले. सहा वर्षांत आठपट! जगातल्या फार थोड्या देशांनी कोळशावरचा बोजा इतक्या झपाट्याने वाढवला असेल.

कोळसा खाणीतून निघतो, पण हा बोजा शेवटी घरातल्या वीजबिलावर येतो. आपल्याकडच्या कोळशातून एक युनिट वीज तयार करायला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. टनाला ४०० रुपये म्हणजे किलोला ४० पैसे. म्हणजेच औष्णिक विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे २६ ते २८ पैसे. महिन्याला २०० युनिट जाळणाऱ्या घरात सगळी वीज कोळशाची आहे असे धरले, तर हा भार पन्नास-पंचावन्न रुपयांचा होतो. मध्यमवर्गाला तो जाणवणार नाही, पण एकाच खोलीत संसार करणाऱ्याला जाणवेल.

इथेच एक गोम आहे. असा कर वाढला, की ‘कायद्यातील बदल’ या सदराखाली वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने तो ग्राहकाकडून वसूल करता येतो. वीज कंपनीच्या खिशाला मोठी झळ लागत नाही. ग्राहकाला तर आपल्या घरात येणारी वीज कोळशाची की वाऱ्याची, हे निवडण्याची सोयच नसते. धूर सोडणारा निश्चिंत आणि दिवा लावणारा कर भरतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार.

तरीही या उपकराचे समर्थन करता येत होते, कारण पैसा स्वच्छ ऊर्जेसाठीच जाणार होता. तो गेला का?

### शंभरातले अठरा

सरकारने दिलेली आकडेवारीच याचे उत्तर देते. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात कोळशावरच्या उपकरातून ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जा निधीकडे वळवले गेले २९,६४५ कोटी. आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष मिळाले १५,९११ कोटी. सोप्या भाषेत सांगायचे, तर जनतेने स्वच्छ ऊर्जेच्या नावाने शंभर रुपये दिले. त्यांतले ३४ त्या नावाच्या पेटीत पडले आणि १८ त्या कामाला लागले. बाकीचे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळून गेले.

यात गैरव्यवहार झाला असे नव्हे. घटनेप्रमाणे केंद्राचा प्रत्येक कर आधी भारताच्या संचित निधीत जातो. तिथून संसदेच्या मंजुरीने जेवढा काढाल तेवढाच त्या-त्या कामाच्या निधीत येतो. उपकर वसूल करणे आपोआप होते. तो काढून खर्च करणे मात्र अर्थमंत्रालयाच्या मर्जीवर राहते. तूट भरून काढायची घाई असली, की हा पैसा हाताशी असतोच.

उपकराचे केंद्राला आणखी एक आकर्षण आहे. इतर करांचा ठरावीक वाटा वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे राज्यांना द्यावा लागतो. २०००च्या ८०व्या घटनादुरुस्तीने उपकर आणि अधिभार या वाटणीतून वगळले. म्हणजे कोळसा झारखंड, छत्तीसगड, ओडिशातून किंवा आपल्या चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यातून निघतो, धूळ तिथल्या माणसांच्या छातीत जाते, आणि त्या कोळशावरच्या उपकराचा वाटा मात्र त्या राज्यांना हक्काने मिळत नाही. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र महाराष्ट्राचे दिवे लावते, पण तिथल्या रहिवाशांना त्या उपकराचा रुपया कुठे दिसला, हे विचारले तर ते उत्तर देऊ शकणार नाहीत.

### नाव बदलले, काम बदलले

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला. टनाला ४०० रुपये मात्र तसेच राहिले. फक्त आता त्याला ‘भरपाई उपकर’ म्हणू लागले. जीएसटीमुळे राज्यांचे जे उत्पन्न बुडेल ते भरून देण्यासाठी हा पैसा होता. कोरोनाच्या काळात राज्यांसाठी केंद्राने २ लाख ६९ हजार कोटी रुपयांचे कर्ज काढले. मग याच उपकरातून त्याची परतफेड होऊ लागली. स्वच्छ ऊर्जेशी असलेले उरलेसुरले नातेही तुटले.

पुढचे वळण सप्टेंबर २०२५ मधले. जीएसटी परिषदेने करांची फेररचना केली. त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून कोळशावरचा टनाला ४०० रुपयांचा उपकर संपला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ऐकायला ही करवाढ वाटते. गणित मांडले की वेगळेच दिसते.

हलक्या प्रतीचा, जास्त राखेचा कोळसा टनाला १,२०० रुपयांना आहे असे समजा. जुन्या पद्धतीत त्यावर ६० रुपये जीएसटी आणि ४०० रुपये उपकर, असा एकूण ४६० रुपये कर होता. नव्या पद्धतीत तो २१६ रुपये झाला, म्हणजे निम्म्याहून कमी. उलट चांगल्या प्रतीचा किंवा आयात केलेला कोळसा ५,००० रुपये टन असेल, तर पूर्वी ६५० रुपये कर होता. आता ९०० रुपये. किंमत साधारण तीन हजारांच्या वर गेली की बोजा वाढतो आणि खाली असली की कमी होतो.

कोळसा मंत्रालयाच्याच हिशेबाप्रमाणे वीज क्षेत्राचा बोजा सरासरी टनाला २६० रुपयांनी उतरला आणि विजेचा निर्मितीखर्च युनिटला १७-१८ पैशांनी कमी झाला. वीज ग्राहकाच्या दृष्टीने ही चांगली बातमी. देशी कोळशाला उठाव मिळावा, हाही त्यामागचा हेतू. पर्यावरणाच्या दृष्टीने मात्र ज्या कोळशातून जास्त राख उडते, त्यावरचाच कर हलका झाला. टनावरचा कर मालाचे वजन बघत होता. टक्केवारीचा कर मालाची किंमत बघतो. धुराला किंमत नसते.

त्याच फेररचनेत सौर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, सायकलीवरचाही तेवढाच उतरला, मोठ्या मोटारींवर ४० टक्के दर आला आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या ५ टक्क्यांवर राहिल्या. म्हणजे चांगल्या वस्तूला सवलत देण्याच्या बाबतीत सरकारचा हात मोकळा आहे. वाईट वस्तूला तिच्या वाईटपणाच्या प्रमाणात कर लावण्याच्या बाबतीतच तो अडखळतो.

### रस्त्यावरचा हिशेब

पेट्रोल-डिझेलची गोष्ट निराळी. त्यांच्या करावर पर्यावरणाचे नाव नाही, पण देशातला सर्वांत मोठा ‘हिरवा कर’ प्रत्यक्षात तोच आहे. २०१४ मध्ये पेट्रोलवर लिटरला ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे केंद्रीय उत्पादन शुल्क होते. मे २०२० मध्ये ते अनुक्रमे ३२ रुपये ९८ पैसे आणि ३१ रुपये ८३ पैशांपर्यंत चढले. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये ते कमी करण्यात आले. २०१४-१५ च्या आर्थिक पाहणीने तर इंधनावरच्या या वाढीव करांकडे बोट दाखवून, भारत कार्बनला अनुदान देणाऱ्या देशांतून कार्बनवर कर घेणाऱ्या देशांत आला, असा दावा केला. जागतिक बाजारात तेल स्वस्त झाल्यावर ती संधी साधून महसूल वाढवणे, हा या करांचा खरा हेतू होता. तरी जितके जाळाल तितके भराल, हे तत्त्व त्यात आहेच.

नावाने ‘हिरवे’ असलेले कर मात्र अनेकदा या तत्त्वात बसत नाहीत. महाराष्ट्रात १५ वर्षांपेक्षा जुन्या खासगी वाहनांना पर्यावरण कर भरावा लागतो. निवृत्त शिक्षकाची महिन्यातून दोनदा देवळापर्यंत जाणारी जुनी गाडी आणि रोज पन्नास किलोमीटर पळणारी तशीच गाडी, दोघींना कर सारखाच. २०१६ च्या अर्थसंकल्पात शहरांतल्या प्रदूषणाचा उल्लेख करून मोटारींवर १ ते ४ टक्के ‘पायाभूत सुविधा उपकर’ लावला गेला. तोही पुढच्या वर्षी जीएसटीत विरला.

दिल्लीत हे काम सर्वोच्च न्यायालयाला करावे लागले. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने राजधानीत शिरणाऱ्या मालट्रकांवर ७०० आणि १,३०० रुपये पर्यावरण भरपाई शुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये ते दुप्पट केले. टोल वाचवण्यासाठी दिल्लीतून आडवाट काढणाऱ्या ट्रकांना बाहेरचा रस्ता धरायला लावणे, हा त्यामागचा हेतू होता. राज्य पातळीवर गोव्याने २०१३ मध्ये कोळसा, पेट्रोलियम यांसारख्या प्रदूषण करणाऱ्या मालावर हरित उपकराचा कायदा केला. बंदरात कोळसा उतरतो तिथल्या घरांच्या खिडक्यांवर काळी पूड बसते, हे मुरगावकरांना वेगळे सांगायला नको.

### जगाने काय केले?

कार्बनवर कर लावणारा पहिला देश फिनलंड, साल १९९०. पाठोपाठ १९९१ मध्ये स्वीडनने तो लावला आणि टप्प्याटप्प्याने इतका वाढवला, की आज तो जगातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी एक आहे. स्वीडनने १९९२ मध्ये आणखी एक युक्ती केली. नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या मोठ्या भट्ट्यांकडून शुल्क घेतले आणि जमलेला पैसा त्याच उद्योगांना त्यांनी निर्माण केलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात परत दिला. कमी धुरात जास्त ऊर्जा काढणारा फायद्यात राहिला, घाण करणाऱ्याने त्याचा खर्च उचलला आणि सरकारने स्वतःकडे जवळजवळ काहीच ठेवले नाही. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंट कर लावताच पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. स्वित्झर्लंडमध्ये कार्बन शुल्काचा मोठा हिस्सा नागरिकांना आरोग्य विम्याच्या हप्त्यात सूट म्हणून परत मिळतो.

अपयशाची उदाहरणेही तितकीच बोलकी आहेत. फ्रान्सने इंधनावरचा कर वाढवायचे ठरवले, तेव्हा नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घातलेले लाखो लोक रस्त्यावर उतरले. शहरात मेट्रो आहे, गावात मोटारीशिवाय गत्यंतर नाही, मग दंड आम्हालाच का, असा त्यांचा सवाल होता. सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये आणलेली कार्बनची किंमत २०१४ मध्ये रद्द केली. कॅनडात तर इंधनावरच्या कार्बन शुल्काचा बहुतांश पैसा कुटुंबांच्या खात्यावर परत जात होता. तरीही लोकांना पंपावर दिलेला पैसा आठवत राहिला, खात्यावर आलेला नाही. एप्रिल २०२५ पासून ते शुल्क बंद झाले.

### स्वयंपाकघराचा प्रश्न

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कार्बनचाच निकष कठोरपणे लावायचा, तर गॅसच्या सिलिंडरवरही कर वाढवावा लागेल. पण सिलिंडर महागला, की अनेक घरांत पुन्हा लाकूड आणि गोवऱ्यांची चूल पेटते आणि तिचा धूर थेट घरातल्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या फुफ्फुसांत जातो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने जे साधले, ते अशा कराने पुसले जाईल. म्हणून कर कशावर लावू नये, हे ठरवणेही तितकेच महत्त्वाचे.

दुसऱ्या टोकाला अनुदाने आहेत. युरियाची ४५ किलोची गोणी मूळ २४२ रुपयांना मिळते. बाकीचा खर्च सरकार सोसते. इतर खतांच्या मानाने युरिया इतका स्वस्त, की तो गरजेपेक्षा जास्त पडतो, जमिनीचा कस जातो आणि नायट्रेट विहिरीत उतरते. पंजाबात शेतीला फुकट वीज मिळाली आणि भूजल खोल-खोल गेले. एका हाताने प्रदूषणावर कर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने प्रदूषणाला अनुदान द्यायचे, असा हा व्यवहार आहे. पण शेतकऱ्याच्या पदरात दुसरे काही न टाकता हे अनुदान काढणे कोणत्याही सरकारला झेपणार नाही, आणि न्याय्यही होणार नाही.

### युरोपचा तगादा

कोळशावरचा उपकर संपला, म्हणून हा विषय संपला असे मात्र नाही. त्याला आता बाहेरून धक्का बसतो आहे. युरोपीय संघाने लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर सीमेवरच कार्बनची किंमत घेण्याची व्यवस्था आणली. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशाचा टप्पा सुरू झाला. कोळशावर चालणाऱ्या भट्टीतले भारतीय पोलाद युरोपात यामुळे महागणार. भारताने या पद्धतीला अन्याय्य म्हणून विरोध केला आहे.

पण त्या नियमांत एक तरतूद आहे. निर्यातदाराने आपल्याच देशात कार्बनची किंमत भरली असेल, तर ती वजा होते. म्हणजे पैसा जाणारच असेल, तर तो युरोपच्या तिजोरीत जावा की आपल्या, एवढाच प्रश्न उरतो. अर्थसंकल्पात कार्बन कराची चर्चा पुन्हा येण्याचे हे सर्वांत मोठे कारण ठरू शकते.

सरकारने सध्या वेगळा मार्ग धरला आहे. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली या उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्ये दिली गेली. लक्ष्यापेक्षा कमी धूर सोडणारा कारखाना आपले क्रेडिट विकू शकतो. चुकणाऱ्याने ते विकत घ्यायचे. यात तिजोरीत काही पडत नाही, म्हणून पैसा भलतीकडे वळण्याचीही भीती नाही. पण लक्ष्येच ढिली ठेवली, तर क्रेडिटला भावच येणार नाही. वीज केंद्रांच्या धुराचे कडक निकष डिसेंबर २०१५ मध्ये लागू झाले, मुदती पुन्हा-पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक शोषणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली. हा ताजा अनुभव विसरून चालणार नाही.

### अर्थसंकल्प ऐकताना

एक व्यावहारिक अडचणही लक्षात घ्यायला हवी. बहुतेक वस्तूंचे कर आता अर्थमंत्र्यांच्या भाषणात नव्हे, तर जीएसटी परिषदेत ठरतात आणि तिथे राज्यांचे म्हणणे असते. पेट्रोल-डिझेलचे उत्पादन शुल्क, आयात शुल्क, उपकर आणि अनुदाने एवढे मात्र अजून अर्थसंकल्पाच्या हाती आहे. त्यामुळे एखाद्या वर्षी ‘हरित’ नावाचा नवा उपकर येणे अशक्य नाही. सरकारला पैसा हवाच असतो, आणि पर्यावरणाच्या नावाला विरोध करणे कुणालाही जड जाते.

म्हणूनच असा कर जाहीर होईल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी घरोघरच्या करदात्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. कर धुराच्या किंवा घाणीच्या प्रमाणात आहे, की नुसत्या किमतीच्या? तो ज्याला टाळणे शक्य आहे त्याच्यावर पडतो, की ज्याला पर्यायच नाही त्याच्यावर? आणि जमलेला पैसा कुठे गेला, याचा हिशेब दर वर्षी संसदेपुढे वेगळा मांडला जाईल का? कोळशाच्या उपकराच्या वेळी हा तिसरा प्रश्न पुरेशा मोठ्याने विचारला गेला नाही, आणि शंभरातले ब्याऐंशी रुपये वाटेतच राहिले.